बोलणंच बंद झालंय, मग मत देऊन काय करू?

आलेलं पत्र:

मॅडम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, वय २९, सहा वर्षं झाली चाकणला एका कंपनीत कामाला आहे. गावात पहिलीपासूनचा माझा एक मित्र आहे, तो दुसऱ्या समाजाचा, त्याचं गावातच खत-बियाण्याचं दुकान आहे. २०२४ च्या लोकसभेनंतर गावात दोन्ही समाजांनी एकमेकांच्या दुकानात जाणं बंद केलं. माझे वडील आता खत आणायला नऊ किलोमीटर तालुक्याला जातात. निकालाच्या दिवशी आमच्या दहावीच्या ग्रुपवर मी रागाच्या भरात त्याच्या समाजाबद्दल नको ते लिहिलं. तो ग्रुप सोडून गेला, त्याच्यामागे अकरा जण गेले, आता दोन ग्रुप आहेत. तेव्हापासून बोलणं नाही. इकडे ज्याला मत द्यावं त्याचा पक्ष फुटतो, चिन्ह दुसऱ्याकडे जातं. मी पुढच्या वेळी मतदानाला यावं की नाही? आणि खरं सांगा, हे असंच चाललं तर आपल्याकडे लोकशाही टिकणार आहे का?

उत्तर:

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकेरी लिहितेय, वाईट वाटून घेऊ नको, तुझ्या वयाची कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. तू आडनाव लिहिलं होतंस, गावाचं नावही होतं, दोन्ही मी काढून टाकलंय. आडनावावरून माझं उत्तर बदलणार नाहीये, हेच पत्र तुझ्या मित्राने पाठवलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का बघ. मतदानाचं विचारलंस, लोकशाहीचं विचारलंस, पण मित्राचं सगळं सांगूनसुद्धा त्याच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीस. मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तेच सलतंय आणि बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं पण तिथूनच निघतात.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तेवढ्या वर्षांत इलेक्शन ड्युट्या किती केल्या ते मोजलेलं नाही. त्यातली एक सांगते, विधानसभेची होती, वीसेक वर्षं झाली असतील. माझ्याकडे मतदान अधिकारी क्रमांक एकचं काम होतं, म्हणजे यादी समोर ठेवायची, नाव सापडलं की मोठ्याने वाचायचं आणि समोर बसलेल्या पोलिंग एजंटांनी आपापल्या यादीत खूण करायची. कोणाला वाटलं की हा मतदार खरा नाही तर एजंट आक्षेप घेऊ शकतो, दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे भरायचे आणि मग तिथल्या तिथे चौकशी होते. दोनच रुपये, पण त्या दोन रुपयांत एखाद्याचं मत अडवून ठेवता येतं.

तर दुपारी दोनच्या सुमाराला एक म्हातारी आली, काठी टेकत. यादीत तिचं वय पंचेचाळीस छापलेलं आणि नवऱ्याचं नाव पण धड नाही. समोर बाई ऐंशीची. मी वाचता वाचता थांबले. सगळ्या गावाला माहीत होतं की तिच्या घरावर कुठल्या पक्षाचा झेंडा आहे, आणि विरोधी पक्षाचा एजंट, काटकुळा, खांद्यावर गमछा टाकलेला, तो उठून उभा राहिला. मला वाटलं झालं, आता दोन रुपये काढतोय हा आणि पुढचा अर्धा तास भांडण. तो म्हणाला, "मॅडम, यादीत वय चुकलंय, बाई खरी हाय. घ्या लवकर, उन्हातनं आलीय."

संध्याकाळी मतदान संपल्यावर किती मतं पडली त्याचा हिशोब भरतात, नमुना १७-सी म्हणतात त्याला, सगळ्या एजंटांना त्याची प्रत द्यावी लागते. सह्या चालल्या होत्या, समोरच्या पार्टीच्या एजंटाकडे पेन नव्हता, ह्यानेच आपला दिला. मी सहज विचारलं, अहो तुम्ही तर त्यांचं एक मत वाढवलं की आज. तर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही उद्या तालुक्याला निघून जाताल. मला उद्या तिच्या दारावरूनच जायचंय."

मी नागरिकशास्त्र शिकवायचे, कलमं पाठ करून घ्यायचे, पण लोकशाही म्हणजे काय ते मला त्या माणसाने शिकवलं असं मी आजही म्हणते. त्याला ती निवडणूक जिंकायची होती, नक्कीच, दिवसभर उपाशी बसला होता त्यासाठी. पण जिंकायचं कितीपर्यंत, ह्याची एक रेघ त्याच्या मनात होती आणि ती रेघ कायद्याने आखलेली नव्हती, उद्या ज्या दारावरून जायचंय त्या दाराने आखली होती.

आता तुझं बघ. तू ४ जून २०२४ ला जे लिहिलंस ते चाकणच्या खोलीत बसून लिहिलंस. त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसला असतास, समोर त्याची आई चहा घेऊन उभी असती, तर ते तुझ्या तोंडातून निघालं असतं का? तुझ्यासारखी हजारो पोरं आज पुण्यात, मुंबईत, सुरतेत आहेत, गावाच्या दारावरून त्यांना उद्या जायचं नसतं, पण गावाच्या भांडणात फोनवरून ती रोज असतात आणि गावात राहणाऱ्यांपेक्षा जास्त कडक बोलतात. ह्यात तुझी एकट्याची चूक आहे असं मी म्हणत नाहीये, पण ग्रुपवर लिहिलेल्याची झळ तुझ्या वडिलांना लागते हे तुला माहीत असायला हवं. गावातल्या दुकानात त्यांना सोयाबीन विकेपर्यंत उधारी चालत होती ना? तालुक्यातला दुकानदार उधारी देणार नाही, तो रोख मागणार. २६६ रुपये ५० पैशाची युरियाची गोणी, तिच्यावर टेम्पोचं भाडं, अर्धा दिवस मोडतो तो वेगळाच.

आणि त्या निकालाचा आकडा कधी शांतपणे बघितलास का? बीडमध्ये त्या वेळी हार-जीत झाली ६,५५३ मतांनी, दोन्ही उमेदवारांना पावणेसात लाखांच्या वर मतं. मतदारसंघात दोन हजारांवर मतदान केंद्रं, म्हणजे एका केंद्रामागे तीनेक मतांचा फरक. एवढी मतं एकेका समाजाची असतील असं मला तरी वाटत नाही, म्हणजे तुमच्यातले काही तिकडे गेले, त्यांच्यातले काही इकडे आले, आणि दोन्हीकडे मिळून बाकी समाजांनी पण मतं दिली. तीन मतांच्या फरकावर तुम्ही पहिलीपासूनची ओळख तोडली. हाच जिल्हा आहे, याने १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना खासदार केलं, ते सांगलीकडचे आणि कम्युनिस्ट पक्षाचे, इथल्या कुठल्या भावकीत बसत नव्हते. गोपीनाथराव मुंडे २००९ ला आणि २०१४ ला इथूनच निवडून आले, सगळ्या समाजांची मतं घेऊन, एका समाजाच्या जिवावर बीडमध्ये खासदार होता येत नाही हे तिथल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. तर आपल्याकडे हे असंच होतं आणि असंच राहणार, हे कोणी म्हणालं तर ऐकू नको.

मग बिघडलं कुठे? आरक्षणाचा प्रश्न किती तापला ते तुला मी काय सांगणार. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर एक समाज रस्त्यावर, मग आपलं ताटातलं जाईल म्हणून दुसरा समाज रस्त्यावर. कोणाची मागणी बरोबर त्यावर मी इथे निकाल देणार नाही, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाहीये. पण एवढं दिसतं की दोन्ही घरांत जमीन वाटून वाटून गुंठ्यावर आलीय, दोन्ही घरांत पोरगा भरतीची तयारी करून करून वय निघून चाललेला आहे, आणि जागा किती निघतात ते दोघांनाही माहीत आहे. दुःख एकाच जातीचं आहे, अर्ज वेगवेगळे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला तेव्हा तर मला रात्री झोप लागली नव्हती, एक सरपंच मारला गेला, त्याच्या घरी लहान लेकरं, आणि बाहेर चर्चा कसली तर कोण कुठल्या समाजाचा. २०२५ ला बीडच्या पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरनं आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. चांगलं केलं असं मला वाटतं, पण ही वेळ यावी याचं फार वाईट पण वाटतं.

आता मतदानाचं. तुझा राग बरोबर आहे, तो मी झटकून टाकणार नाही. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण एका गटाकडे गेला, फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ती पळवाट बंद केली आणि दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं एवढीच वाट ठेवली. पण अपात्र कोण हे ठरवायचं विधानसभा अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष कोणाचा तर ज्याच्याकडे बहुमत त्याचा. शिवसेनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते योग्य नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचं परत अध्यक्षांकडे. जानेवारी २०२४ ला अध्यक्षांचा निकाल आला, दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. माझं स्पष्ट मत आहे की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून घेतला पाहिजे आणि त्याला मुदत घातली पाहिजे, सत्तेत कोणीही असो. मतदाराने एका चिन्हावर बोट ठेवलं आणि पाच वर्षांच्या आत ते चिन्ह समोरच्या बाकावर जाऊन बसलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटणारच.

दुसरं एक झालं, त्याबद्दल लोक कमी बोलतात आणि मला त्याचा जास्त राग आहे. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, पावणेचार वर्षं शहराला नगरसेवक नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे, तरी हे झालं. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, कारणं खूप होती, पण लोकांनी काय करायचं? नळाला पाणी नाही म्हणून जायचं कोणाकडे?

तुला वाटेल याचा माझ्या मित्राशी काय संबंध. आहे रे, सांगते. मोठ्या निवडणुकीत फूट पाडून मतं मिळवता येतात, छोट्या निवडणुकीत नाही येत. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. पॅनल उभं करायचं तर सोडत निघते, हा वॉर्ड ओबीसी महिला, तो अनुसूचित जाती, हा सर्वसाधारण, अर्ध्या जागा बायकांना. मग पॅनलप्रमुख कितीही कट्टर असू दे, रात्री नऊ वाजता त्याला त्या दुसऱ्या आळीत जावंच लागतं, वहिनी तुम्ही उभ्या राहा म्हणून हात जोडावे लागतात, चहा प्यावा लागतो. मी हे माझ्या डोळ्याने बघितलंय, आयुष्यात ज्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही तिथे माणसं चपला काढून बसलेली. मनापासून नसेल सुरुवातीला, पण पाच वर्षं शेजारी बसून ठराव करताना थोडंफार मनापासून होतं. त्या छोट्या निवडणुका वर्षानुवर्षं अडकून पडल्या की गावाला मिळून करायचं काही राहतच नाही, उरतं ते फक्त लोकसभा-विधानसभेचं भांडण, आणि त्यात सगळे प्रेक्षक.

म्हणून मतदान कर, आणि मोठ्यापेक्षा छोटं आधी कर. पण तुझं नाव कुठे आहे ते बघ. सहा वर्षं चाकणला राहतोयस तर जिथे राहतोस तिथे नोंदवणं हे नियमाला धरून आहे, त्यासाठी फॉर्म ८ असतो. दोन्हीकडे नाव असेल तर एकीकडचं आपणहून काढ, दुबार नावावरून एवढा गदारोळ चाललाय तर आपलं घर आधी स्वच्छ पाहिजे. आणि मतदार यादीचा मसुदा लागतो तेव्हा गावाकडे असशील तर एक काम कर, बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जाऊन यादी बघ, तुझ्या आळीची तर बघच, पण मित्राच्या आळीची पण बघ. नाव वगळायला फॉर्म ७ भरतात, जिवंत माणसाचं नाव कोणी काढायला लावलेलं दिसलं तर आवाज तू उठव. त्यांचं नाव कटलं म्हणून तू उभा राहिलास हे गाव विसरत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न, लोकशाही टिकेल का. मी ज्योतिष सांगत नाही, त्यामुळे हो-नाही लिहिणार नाही, पण मी काय बघते ते सांगते. मी जिंकलेल्यांकडे बघत नाही, गुलाल सगळेच उधळतात. हरलेला घरी कसा जातो ते बघते. त्याला जर वाटत असेल की ठीक आहे, पाच वर्षांनी बघू, तोवर माझं दुकान चालेल, माझ्या पोराला शाळेत कोणी त्रास देणार नाही, तर लोकशाही ठणठणीत आहे. पण हरलो म्हणजे संपलो असं ज्या दिवशी लोकांना वाटायला लागतं त्या दिवशी मग कोणी हरायला तयार होत नाही, आणि मग यंत्र खोटं, यादी खोटी, कोर्ट खोटं, सगळंच खोटं. २०२४ चंच घे. जूनमध्ये महाराष्ट्रात आघाडीला ४८ पैकी ३० जागा आल्या तेव्हा हरलेले म्हणाले फेक नॅरेटिव्ह. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या मिळून २८८ पैकी २३० आल्या तेव्हा हरलेले म्हणाले यंत्रात आणि यादीत घोळ. शंका घ्यायचा अधिकार प्रत्येकाला आहे, मी तर म्हणते घ्यावीच, आणि शंकेला उत्तर देणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ ला स्वतःच मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं, गावातून त्यांच्या माणसाला कमी मतं दिसली म्हणून, खरं तर तो उमेदवार निवडून आला होता तरीसुद्धा. तिथे जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान झालं नाही. तसल्या मतदानाला कायद्यात जागा नाही हे मला कळतं, पण बंदोबस्ताने शंका जात नाही. पारावर बसून केंद्राचा १७-सी, केंद्रनिहाय निकाल, सकाळच्या मॉकपोलचा, म्हणजे मतदानाआधी एजंटांसमोर यंत्र तपासून बघतात त्याचा, कागद, सगळं गावापुढे मांडून एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं असतं तर काही माणसांची तरी शंका फिटली असती.

माझ्या लहानपणची एक गोष्ट आहे. मार्च १९७७, मी तेरा वर्षांची. माझे वडील काँग्रेसचे, घरात इंदिराबाईंचा फोटो. समोर राहणारे गुरुजी आणीबाणीत एकोणीस महिने जेलमध्ये होते आणि त्या एकोणीस महिन्यांत त्यांच्या घरचं रेशन माझे वडील आणून टाकायचे, कोणाला न सांगता, पहाटे. निकालाच्या रात्री रेडिओवर सांगितलं की इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी उठले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि समोर गुरुजींकडे गेले, म्हणाले, तुमचं राज्य आलं, अभिनंदन. गुरुजींनी त्यांना आधी बसवलं मग पाणी दिलं. इंदिराबाई पण खुर्ची सोडून गेल्या, आणि १९८० च्या जानेवारीत लोकांनीच त्यांना परत आणलं. आणीबाणीतल्या तुरुंगांचं मी समर्थन करत नाहीये, तो काळा काळ होता. पण त्यातूनही देश बाहेर आला याचं कारण जेवढं दिल्लीत होतं तेवढंच आमच्या बोळात पण होतं असं मला वाटतं.

बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलले होते, की भारताची माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही इथे वरून टाकलेली आहे. त्यांनी शेतीतलाच शब्द वापरला होता, टॉप-ड्रेसिंग. त्याला आपण वरखत म्हणतो. तुझ्या मित्राच्या दुकानात पेरणीनंतर महिनाभराने लोक जे न्यायला येतात ते. वरखत एकदा टाकून चालत नाही हे तुझ्या वडिलांना विचार, दर हंगामाला टाकावं लागतं, आणि जमीन जेवढी हलकी तेवढं जास्त लक्ष द्यावं लागतं. कोणीतरी १९५० ला टाकलं म्हणून आपण निवांत राहिलो.

तर तू काय करायचं. फोन करू नको, मेसेज तर अजिबात करू नको, लिहून जे तुटलं ते लिहून जुळणार नाही. १ मेला कंपनीला सुट्टी असते, गावात त्या दिवशी ग्रामसभा पण असते. आदल्या रात्री गावी जा. सकाळी वडिलांना सोबत घे, ते नाही म्हणतील, चार लोक बघतील म्हणतील, त्यांच्यावर चिडू नको, त्यांना गावात राहायचंय आणि त्यांच्यावर दबाव आहे तो तुझ्यावर नाही. नाहीच आले तर तू एकटा जा. दुकानात इतर गिऱ्हाईक असेल तर असू दे, उलट बरंच. त्या दिवशी ग्रुपवर मी जे लिहिलं ते चूक होतं, एवढंच म्हण. तू पण तसं बोलला होतास, तुमच्या लोकांनी पण असं केलं, आरक्षणाचं असं आहे, ह्यातलं एक अक्षर त्या दिवशी नको. त्याने कोणाला मत दिलं ते आयुष्यात विचारू नको, मत गुप्त असतं ते याच्यासाठीच. मग सोयाबीनचं बियाणं आणि डीएपीच्या गोण्या घे, रोख दे, पक्कं बिल माग.

तो बोलेलच असं नाही. दोन वर्षांचा घाव आहे, कदाचित नुसतं बिल फाडून देईल आणि मान पण वर करणार नाही. त्याचे लोक त्याला बोलतील, तुझे तुला बोलतील, तुझ्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकेल की बघा हा कुठे उभा आहे. त्याला उत्तर देऊ नको. दुपारी ग्रामसभेला बस, आणि तिथे दोन्ही आळ्यांचा मिळून जो प्रश्न असेल, पाण्याची टाकी असेल, स्मशानभूमीचा रस्ता असेल, त्यावर बोल. ग्रामसभेत काय होऊ शकतं याची कल्पना नसेल तर सांगते, गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव सर्वसहमतीशिवाय ठराव करत नाही, एकाला पटलं नाही तर परत बसतात, आणि तसं बसून बसून त्यांनी २००९ ला १,८०० हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. कोल्हापूरच्या हेरवाडने २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद केल्या आणि पंधरा दिवसांत सरकारने ते परिपत्रक काढून सगळ्या राज्याला सांगितलं. तुमच्या गावाला लगेच तसं जमणार नाही, पण दोन्ही आळ्यांची दहा-दहा माणसं एका सतरंजीवर बसली तरी यंदा पुरे.

आणि तुझ्या ग्रुपवर दुसऱ्या समाजाबद्दल काही आलं तर पुढे पाठवायचं तुझ्याकडेच थांबव. कोणाला उपदेश करू नको, नुसतं थांबव.

जुलैमध्ये वरखताला परत गावी जावं लागेल. तेव्हा पण त्याच दुकानात जा, पहिल्या वेळी तो बोलला असो वा नसो. दुकान सकाळी किती वाजता उघडतं ते तुला माहीतच असेल.